महेंदर, गाळ्याचं पाणी खारं आहे

तुला जाऊन तेवीस दिवस झाले. त्यातले पहिले तेरा मी रडले. उरलेले दहा मी तुझ्यावर चिडलेली आहे, आणि हे लिहायला बसले आहे तीसुद्धा चिडूनच. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात म्हणे. तेही येईल, घाई करू नकोस. आधी मला जाब विचारायचा आहे.

गाळ्याच्या बोअरचं पाणी खारं आहे, महेंदर. आजचं नाही, फेब्रुवारीपासूनचं. आणि हे तुला माहीत होतं.

हे तू वाचणार नाहीस, दुसरंच कुणी वाचेल. त्या बिचाऱ्यांना काय कळणार गाळा कुठला आणि बोअर कसली, म्हणून थोडं सांगावं लागतं. तू किहीमला एका बंगल्यावर ड्रायव्हर होतास. रविवारी शेजारपाजारच्या बंगल्यांतल्या गाड्या धुवून द्यायचास. मग जुना टेम्पो घेतलास, त्यावर हजार लिटरची टाकी बसवलीस, पंप, जनरेटर, व्हॅक्यूम चढवलास आणि किहीमपासून काशीदपर्यंत दारोदार गाड्या चकाचक करत हिंडायला लागलास. मी तुझी थोरली बहीण. पनवेलला गाड्यांच्या शोरूममध्ये आठ वर्षं काउंटरवर बसून मी एवढं शिकले होते, की मुंबईचा माणूस नुसत्या धुण्याला हात आखडतो आणि पॉलिश, कोटिंग म्हटलं की खुलतो. ते मी तुझ्या धंद्यात आणलं. चार वर्षं आपण टेम्पोवर काढली, तू चालवायला आणि मी शेजारी, मांडीवर डबे आणि फडकी घेऊन.

रस्त्यालगत गाळा घ्यायचा आणि लोकांनी गाड्या तिथे आणायच्या, हे खूळ माझं. ते कबूल. पण ते उगाच नव्हतं, हे तू कधीच कबूल केलं नाहीस. काशीदला त्या पांढऱ्या गाडीचं अर्धं बॉनेट पॉलिश झालं होतं आणि वारा सुटला, आठवतं? सगळी वाळू ओल्या पॉलिशवर. आपण दोघं दुपारभर ती वाळू काढत बसलो, आणि गाडीची मालकीणबाई दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन ‘अजून किती?’ विचारत होती. चौलच्या वाड्यांमध्ये वारा नाही तर वरून सुपारीचं झाप पडायचं. कोटिंगला छप्पर लागतं, बंद दार लागतं, हे मी तुला शंभरदा सांगितलं. तू म्हणायचास, “ताई, लोकं इकडं आराम कराला येतात. ती गाडी घेऊन तुज्या दारान कशाला येतील? आपन गेलो तर चाय पन मिलतो.” धंद्याचा विचार चहापाशी थांबवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि त्या बोर्डावरून माझी किती थट्टा केलीस! मी ‘कार स्टुडिओ’ असं लिहून घेतलं, तर तू रंगाऱ्यासमोर विचारलंस, “फोटो काडाचा हाय काय गाडीचा?” रंगारी हसला. मीही हसले असते, पण तेव्हा मी मालकीण व्हायच्या तयारीत होते. तुझं नाव बोर्डावर घालायचं म्हटलं तर नको म्हणालास. मला वाटलं, याला या गाळ्याशी संबंधच नको आहे. ते मनात धरून बसले मी.

तुझी ती खालून धुण्याची खोड. पर्यटक गाड्या थेट पुळणीवर नेतात, भरतीच्या पाण्यात चाकं भिजवून फोटो काढतात, आणि मग आपल्याकडे आणतात. बॉनेट चमकलं की खूश. तू मात्र आधी गाडीखाली आडवा व्हायचास आणि पत्र्याच्या सांदीसांदीतून खारट चिखल धुवून काढायचास. मी म्हणायचे, अरे, ज्याचे पैसे देतो ते त्याला दिसलं पाहिजे. तू खालूनच ओरडायचास, “त्याला नको दिसू दे. गंज त्याला इचारून लागनार हाय काय?” आपलं हे भांडण तर मिटलंच नाही. आठवड्यातून दोनदा व्हायचं, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की मी जिंकले, कारण तू गाडीखाली असायचास आणि बोलत असायचे मी.

आता बोअरचं सांगते. इथेच सगळं बिनसलं.

मला दसऱ्याला गाळा उघडायचा होता. गौरी-गणपती गेले होते, पितृपक्ष लागायला चार दिवस होते. पितृपक्षात नवीन काम धरायचं नाही, आणि तो संपेपर्यंत थांबलो तर दसरा हातचा जातो, म्हणून त्या चार दिवसांतच बोअर मारायचा मी हट्ट धरला. पाणाड्या आला. तळहातावर नारळ घेऊन गाळ्यामागे फिरला, नारळ उभा राहिला, त्या जागी खूण केली. तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. सगळ्यांनी ओंजळी धरल्या. गोड पाणी! मी तर दोनदा प्यायले. पेढे वाटत होते, तेवढ्यात तू चूळ भरून पाणी बाजूला टाकलंस आणि म्हणालास, “आता गोड लागनारच. जमीन पावसान भिजलेली हाय. खाडी इथून हाकेवर. होली जाऊ दे, मंग चाखू.”

बरोबर होतं ते. या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की पाणी चाखायचं ते उन्हाळ्यात. मलाही ठाऊक होतं. पण तेव्हा माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता आणि समोर दहा माणसं. मी सगळ्यांदेखत तुला म्हणाले, “तुला मोठं व्हायचंच नसेल तर राहा टेम्पोत. मला खाली ओढू नकोस.”

तू पुढे आलास. पेढा घेतलास, अर्धा मोडून मला दिलास आणि निघून गेलास. त्या दिवसानंतर गाळ्याबद्दल तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस. टाइल्स कुठल्या, रॅम्प किती उंच, काहीही विचारलं की ‘तुला बरं वाटंल तसं.’ आणि मी मूर्खासारखी समजत होते, की चला, एकदाचा सरळ झाला.

गाळा चालला, महेंदर. ते तूही पाहिलंस. दिवाळीत रांग लागली, नाताळात तर दोन दिवस आधी नंबर लावावा लागत होता. लोक आले गाडी घेऊन दारात. तुला टोमणा मारायची एकही संधी मी सोडली नाही. तू हसायचास. टेम्पो मागच्या बाजूला उभा असायचा, आणि मी आलेल्या-गेलेल्याला सांगायचे की तो आता विकायचा आहे.

मग फेब्रुवारी सरता सरता तुझं एक नवीनच सुरू झालं. मी नऊला यायचे तर गाळा उघडा, दोन्ही कामगार फडकी वाळत घालतायत आणि तू गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत मान टाकून झोपलेला. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. मी किती बोलले तुला! गाळा पटत नाही तर सांग, पण असा सूड उगवू नकोस, म्हणाले. एकदा डिझेलवरूनही बोलले. टेम्पो जागचा हलत नाही आणि डिझेल कुठे जातं? तू म्हणालास, “गलती असंल टाकी, बघतो.” बोअरच्या मोटरचं बटण कामगारांच्याच काय, माझ्याही हाती देत नव्हतास. शॉक मारते म्हणालास. मी ऐकलं. विजेच्या बाबतीत मी तुझं ऐकायचे, एवढं एकच.

त्या दिवशी सकाळीही तू खुर्चीतच होतास. मी म्हणाले, निदान लोक यायच्या आत तोंड तरी धुवून घे. तू डोळे चोळत म्हणालास, “धुतो, ताई. पानी हाय भरपूर.” दुपारी घरी जेवलास, आडवा झालास आणि उठला नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. आधी काही त्रास होता का, म्हणून विचारलं. तुझी बायको, शीतल, म्हणाली, छे, उलट दोन महिने पहाटे नेमाने फिरायला जात होते. साखर वाढली होती ना, तुम्हीच सांगितलं होतंत. डॉक्टरांनी मान हलवली.

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी गाळा उघडला. बंद ठेवून घरी बसले असते तर वेड लागलं असतं. पहिली गाडी किहीमच्या डॉक्टरीणबाईंची, ती काळी. टाकीत पाणी थोडंच होतं, म्हणून मी स्वतः बोअरची मोटर चालू केली. शॉक बसला नाही. गाडी धुतली, पुसली, उन्हात घेतली आणि बॉनेटभर पांढरी वर्तुळं उमटली. पुन्हा धुतली, आणखी उमटली. बाई चांगल्या आहेत. त्यांनी हळूच विचारलं, “पाणी बदललंत का?” मी ताठ मानेने म्हणाले, “नाही हो, पहिल्यापासून हेच पाणी आहे.” त्या गेल्या आणि मी नळाखाली ओंजळ धरली. तोंडात घेववेना. मिठागराचं पाणी बरं असेल.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, बघ. मला वाटलं, तू गेलास आणि पाणी फिरलं. असलं काहीतरी मनात आलं आणि मी मागे बसून रडले. मग उठले, कारण दुपारच्या दोन गाड्या यायच्या होत्या. टेम्पोच्या दिवसांत तू दत्ताच्या डोंगराच्या पायथ्याला यमुनाकाकींच्या वाडीतल्या विहिरीवर टाकी भरायचास, ते आठवलं. आजचा दिवस निभावावा म्हणून एका कामगाराला टेम्पो काढायला लावला आणि काकींकडे गेले.

काकी सुपाऱ्या निवडत होत्या. मला बघून डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, “आता तू येनार काय गो रोज? तीन फेऱ्या तुला न्हाय झेपाच्या.”

मी म्हणाले, “कसल्या तीन फेऱ्या?”

काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सुपारीचं सूप बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं. शिवरात्रीच्या सुमारापासून तू रोज पहाटे येत होतास. टेम्पो भरायचा, गाळ्यामागच्या टाकीत ओतायचा, पुन्हा यायचं. उजाडायच्या आत तीन वेळा. टाकीच्या तोंडाशी पाइप पुरत नव्हता, तर शेवटचं पाणी बादल्यांनी ओतायचास. काकींनी तुला विचारलं होतं, बहिणीला सांगत का न्हाईस? “म्हनला, न्हाय काकी, तिला कललं तर ती गाला बंद करंल. लय हट्टी हाय. तिला हरल्यासारकं वाटंल. मी पावसापर्यंत ओडतो, एवढा एक उनाला गेला पायजे. चार लोकांत तिचं नाव झालं की मंग सांगीन. व्हय, असाच म्हनला.”

मी तिथे काय केलं माहीत आहे? ओरडले. काकींवर. म्हणाले, तुम्ही तरी सांगायचं होतंत! ऐंशीची बाई ती, गप्प ऐकून घेतलं आणि वर मला ताक दिलं. ते मी प्याले नाही. आता वाईट वाटतं.

किती चुकीचं वागलास तू, महेंदर! मी तुला आळशी म्हणत होते, आणि तू तीन हजार लिटर पाणी ओतून येऊन ते ऐकून घेत होतास. मी डिझेलचा जाब विचारत होते. तू टेम्पो गळतो म्हणून सांगत होतास. मला वाटत होतं, तुला गाळा डोळ्यांसमोर नको आहे, आणि तो उघडा होता तो निव्वळ तुझ्या पाठीवर. याला काय म्हणायचं मी? उपकार? माया? मला यातला एकही शब्द वापरायचा नाही, कारण वापरला की तुला माफ करावं लागेल. तुझं हृदय त्या बादल्यांनी थकलं का, हे मी डॉक्टरांना परवा जाऊन विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित तसंही झालं असतं. ‘कदाचित’ घेऊन मी काय करू?

गोष्ट शीतलला सांगायची की नाही, यात माझे सहा दिवस गेले. तू पहाटे फिरायला जात होतास, तब्येतीची काळजी घेत होतास, एवढ्या एका गोष्टीचा तिला आधार होता. ती येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होती. म्हटलं, राहू दे तिला तसंच. मग लक्षात आलं की मी अगदी तुझ्यासारखं करायला निघाले आहे. न सांगता ओझं ओढायचं आणि वर त्याला प्रेम म्हणायचं. आपल्या घराण्यातलं हे दुखणं माझ्यापाशी तरी संपलं पाहिजे. परवा तिला सगळं सांगितलं. तिने दाराशी तुझ्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाली, “तरीच. रोज सकाळी चपला ओल्या असायच्या. मी म्हटलं, दव असेल.” मग मला म्हणाली, “तुमच्या गाळ्यापायी, ताई.” आणि उठून आत गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तिचा हक्क आहे.

तुला चांगलं म्हणायचं राहिलं. कबूल केलं होतं, तर म्हणते. गाडी खालून धुवायची असते, हे तुझं बरोबर होतं. मागच्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आली, टेम्पोच्या वेळची जुनी. एकाने सांगितलं की त्याच्या सोसायटीतल्या सगळ्या जुन्या गाड्यांचा खालचा पत्रा कुजला, त्याच्या गाडीचा नाही. महेंद्र कुठे आहे, म्हणून विचारत होता. मी सांगितलं. तो गाडीला टेकून उभा राहिला आणि मग स्वतःच खाली वाकून आत बघायला लागला. काय बघत होता कोण जाणे. तू आनंदाने राबलास, माझं तोंड सहन केलंस, चार वर्षांत एकदाही मला उतरवून एकटा पुढे गेला नाहीस. माझ्याइतका भाग्यवान भागीदार या रस्त्यावर दुसरा नसेल. झालं, म्हटलं.

काल मी निर्णय घेतला. गाळा बंद करणार नाही. पण होळीपासून पाऊस पडेपर्यंत गाळ्यात फक्त कोरडी कामं, पॉलिश आणि कोटिंग. धुणं टेम्पोवर, लोकांच्या दारात, आणि पाणी काकींच्या विहिरीचं, दिवसाला एक फेरी, दिवसाउजेडी, दोन कामगारांसकट. पाऊस लागला की पुन्हा सगळं गाळ्यात. डॉक्टरीणबाईंना फोन करून खरं सांगितलं आणि डाग फुकट काढून देते म्हणाले. त्या म्हणाल्या, मग आमच्या घरीच या ना, तेच बरं. टेम्पो विकायचा नाही. सगळं ठरवायला मला अर्धा तास लागला. तुझा टेम्पो आणि माझं छप्पर, दोन्ही चालतं. इतकं सोपं होतं ते.

हे तू मला फेब्रुवारीत सांगितलं असतंस तर काय झालं असतं, ते मला पक्कं माहीत आहे. मी आकांडतांडव केलं असतं. पाणाड्याला, बोअरवाल्याला, तुला, सगळ्यांना शिव्या घातल्या असत्या. ‘तुला हेच हवं होतं’ म्हणाले असते. चार दिवस तुझ्याशी बोलले नसते, समोर असतानाही शीतलकरवी निरोप दिले असते. पाचव्या दिवशी तू माझ्यासमोर चहा आणून आदळला असतास, मी तोंड फिरवूनच तो प्याले असते, आणि मग आपण दोघांनी बसून हेच ठरवलं असतं जे काल मी एकटीने ठरवलं.

चार दिवसांचं तर भांडण होतं, महेंदर. तेवढं तू माझ्याशी भांडायला हवं होतंस.